‘पुरेसा सराव नव्हता’

आमच्या गावात किंवा आजूबाजूला कुणाचा रस्त्यावर अपघात झाला, की चार-आठ दिवसांनी त्यांच्या घरचं एखादं माणूस माझ्या ओट्यावर येऊन बसतं. रॉड किती दिवस ठेवतात, वकील कसा पाहावा, औषधांच्या पावत्या कशाला जपायच्या, असं विचारतं. मी चहा ठेवते आणि जेवढं माहीत आहे तेवढं सांगते. पण खरं सांगायचं असतं ते चहा संपेपर्यंत होत नाही. म्हणून लिहायला बसले.

मी शोभा. दहावी शिकलेली, भाजी पिकवणारी बाई. बुलडाणा जिल्ह्यातलं आमचं गाव, शेजारीच तालुक्याचं शहर. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण भांडण मिटलेलं आहे. आणि डॉक्टरकीतलंही काही सांगणार नाही, ते डॉक्टरांना विचारा.

एक गोष्ट आधीच कबूल करते. त्या दिवसांची मला आठवण येते. दुखण्याची कुणाला येते? ते नव्हे. पण त्या वॉर्डातल्या सकाळी, खिडकीतला कडुनिंब, उशाशी ठेवलेला स्टीलचा डबा हे सगळं आठवलं की मन तिकडंच जाऊन बसतं. माझ्या आयुष्यात इतके दिवस कुणी माझी वेणी घातली नव्हती.

गाडी

लग्नानंतर सात-आठ वर्षांनी यांनी जुनी स्कूटी आणली. ‘हे’ म्हणजे माझे मालक, प्रल्हाद. तोवर आमची मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी दुसऱ्याच्या गाडीवरून शहरात जायची आणि हर्रास सुरू झाल्यावर पोचायची. लिलावात उशिरा आलेल्या मालाला कोण विचारतो? यांना वखर, फवारणी, पाणी यातून सवड नसायची. एके दिवशी म्हणाले, “तूच शिक ना.”

शाळेमागच्या मैदानात हे माझ्या गाडीमागं कॅरिअर धरून पळायचे. धाप लागली की ओरडायचे, “सोडलं बरं!” आणि सोडलेलं नसायचं. ओट्यावरची माणसं हसायची. एक जण म्हणाला, “परल्या, बायकोले विमान घेऊन दे आता.” मी दोनदा पडले. तिसऱ्या आठवड्यात भाजीचे दोन गठ्ठे बांधून एकटी शहरात गेले आणि परत आले. त्या सकाळी हे फाट्यावर येऊन उभे होते. मला पाहून लांबूनच हात वर केला आणि काही न बोलता वावरात निघून गेले.

पुढची अकरा वर्षं मी रोज त्या वाटेनं गाडी चालवली. कुणाला धक्का लावला नाही. गावातल्या चार बायकांना शिकवली. आजही चालवते; डाव्या पायानं स्टँड लावता येत नाही, तेवढं कुणाला तरी म्हणावं लागतं.

ती सकाळ

थंडीचे दिवस होते, नुकतं उजाडलं होतं. बाजाराच्या अलीकडं एका गल्लीतून नगरपालिकेचा पाण्याचा टँकर रिव्हर्समध्ये मागं येत होता. मी पाहिला, माझ्या बाजूला कडेला थांबले, एक पाय जमिनीवर टेकवला. वाटलं, तोही थांबेल. हॉर्न वाजवला. मग परत वाजवला. टँकर येतच राहिला. मागं सरकायला जागा नव्हती. पाठीमागं नाली होती.

धक्क्याचं मला आठवत नाही. आठवतो तो वास. सांबाराच्या जुड्या चाकाखाली चेंगरल्या होत्या आणि सगळ्या रस्त्यावर हिरवा, ताजा वास सुटला होता. मला वाटलं, मी वावरातच आहे.

टँकरचा ड्रायव्हर खाली उतरला, गळ्यातला दुपट्टा काढून त्यानं माझ्या पायाला बांधला. “ताई, डोये उघडे ठेवा. माह्याकडं पाहा. बोलत राहा माह्याशी.” मी त्याला म्हणाले, “माही गाडी उचला, कोनी घेऊन जाईन.” इतकंच सुचलं.

डॉक्टर काय म्हणाले

शहरातल्या दवाखान्यात पट्टी झाली आणि तिथून अकोल्याला नेलं. गुडघ्याखालचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं आणि कातडी फाडून बाहेर आलं होतं. डॉक्टर यांना पडद्यापलीकडं नेऊन बोलले. डॉक्टर लोकांना वाटतं की पडदा म्हणजे भिंत.

“पाय राहील का, हे आज सांगता येणार नाही. जखमेत माती, घाण गेली आहे. पू झाला तर अवघड होईल.”

हे आत आले आणि म्हणाले, “साधं हाये म्हनते. दोन महिन्यात चालशीन.”

मी म्हणाले, “हाव.”

आम्ही दोघंही खोटं बोललो. तो दिवस मला सगळ्यात लांब वाटला. दुखणं होतंच, पण त्याहून जास्त मी माझ्या पायाकडं बघत राहिले. पांढऱ्या पट्टीतून पाच बोटं बाहेर आली होती. मी मनात एकेक बोट हलवून पाहत होते. अंगठा हलला. मी कुणाला सांगितलं नाही, जणू सांगितलं तर थांबेल.

पहिलं ऑपरेशन झालं. आठ दिवसांनी ताप चढला, जखमेतून पू आला, दुसरं ऑपरेशन झालं. त्या दवाखान्यात मी एकंदर दीड महिना राहिले.

आक्का

माझ्या मोठ्या जाऊबाई मंदा, त्यांना मी आक्का म्हणते. आमचं घर आणि त्यांचं घर यांच्यात एक भिंत. पण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं बिनसलं, आणि सहा वर्षं आमच्या दोन घरांत बोलणं नव्हतं. आक्का आणि मी तर समोरासमोर आलो की पदर सारखा करायच्या निमित्तानं मान वळवायचो.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडले, तर खाटेच्या पायथ्याशी आक्का उभी. हातात कापडी पिशवी. तिनं माझ्याकडं नाही, यांच्याकडं पाहिलं.

“भाऊजी, तुमी घरी जा.”

हे गडबडले. “वहिनी, तुमी कायले तकलीफ…”

“तिले भांडं कोन देऊन राह्यलं?”

भांडं म्हणजे खाटेवरच्या माणसाचं, संडासाचं. तीन दिवस मी लाजेनं पाणीच पीत नव्हते. हे आक्कानं न विचारता ओळखलं.

“जा तुमी. पोरीची बारावी हाये, तिच्या पोटाचं पाहा. बाईमानसाजोळ बाईमानूस पायजे.”

हे गेले. आक्कानं पदर खोचला, भांडं सारलं, हात धुतले आणि मला पेलाभर पाणी दिलं. “पे. सगळं पे. सहा साल भांडलो, आता काय लाजतं?”

मी रडले. ती नाही रडली. म्हणाली, “रडू नको, उशी ओली होते. इथं दुसरी देत नाई.”

सकाळी पाचला फिनेलचा वास यायचा, मग झाडूचा आवाज, मग सिस्टरची ट्रॉली. नवाला डॉक्टर यायचे, तोवर आक्का माझी वेणी घालून, तोंड पुसून, चादर ताणून मला पाहुणी बसवावी तशी तयार ठेवायची. ड्रेसिंग काढताना मी ओरडू नये म्हणून ती मला काहीतरी विचारायची. “तुह्या मायच्या घरी कढीले फोडणी कायची देतेत?” मी दात आवळून सांगायचे, मेथीदाणा, जिरं, लसूण. संपेपर्यंत ड्रेसिंग संपलेलं असायचं.

दुपारी वॉर्ड शांत झाला की ती स्वतःचं सांगायची. तिचं माहेर वडनेर भोलजी. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूशी भांडून ती माहेरी पळून निघाली होती. पाठीला बोचकं बांधून रस्त्यावर येऊन बसली आणि दिवसभर एसटीच आली नाही. “संध्याकाळी भूक लागली अन् वापस आली,” ती म्हणाली. “कोनाले समजलंच नाई मी पळून गेलती म्हणून. सासू म्हने, लाकडं कुठी हायेत?” आम्ही दोघी इतक्या हसलो की सिस्टर येऊन रागावल्या. हसताना पाय दुखत होता. तरी त्या दुपारइतकी हलकी मी नंतर क्वचितच झाले.

हे दर दोन दिवसांनी यायचे. वाळले होते. डब्यात मुलीनं केलेली भाकर, वांग्याची भाजी असायची. एकदा भाकर करपली होती. मी काही बोलले नाही, तर हे आपणच चिडले. “तिले अभ्यास हाये, ते करून राह्यली तेच लय हाये!” जाताना पाठमोरेच म्हणाले, “गाडी तुले मीच शिकवली.”

तेव्हा समजलं, हा माणूस इतके दिवस काय घेऊन फिरतोय. मी म्हणाले, “अहो, गाडीनं नाई मोडला पाय. टँकरनं मोडला.” ते ऐकून गेले. पटलं की नाही, माहीत नाही.

ड्रायव्हर

दोन आठवड्यांनी एक माणूस बायकोला घेऊन वॉर्डाच्या दारात उभा राहिला. आत येईना. आक्कानं ओळखलं नाही, मी ओळखलं. टँकरचा ड्रायव्हर, गणेश. आक्काला सांगितलं तशी ती ताडकन उठली.

“काऊन आला तू इथं? पाय पाहाले?”

त्यानं मान खाली घातली. त्याची बायको पुढं आली, हातातली केळी कुठं ठेवावी तिला कळेना.

“आरसा पाह्यला होता ताई,” तो माझ्याशी बोलला. “तुमी दिसल्या नाई. गाडी मांगं घेताना एक मानूस मांगं पायजे असते. त्या दिवशी मले मानूस देला नाई. मी पोलिसाले हेच सांगतलं. तुमी तुमच्या साइडनं उभ्या होत्या, हे बी सांगतलं.”

आक्कानं त्याच्या बायकोच्या हातातून केळी घेतली आणि म्हणाली, “बसा. चहा आनते.” ती गेल्यावर तो म्हणाला, तो ठेकेदाराकडं आहे, पक्का नाही, आता काम राहील असं वाटत नाही. राहिलं नाहीच.

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याच्या दुपट्ट्यावर माझं रक्त पडलं होतं आणि तो परत मागायलाही आला नव्हता.

तो कागद

कुबड्या घेऊन घरी आले. अंगणातून न्हाणीघरापर्यंत जायचं म्हणजे प्रवास वाटायचा. नणदेच्या ओळखीनं एक तरुण वकीलबाई मिळाल्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात अपघाताचा दावा लागला. टँकरचा विमा संपलेला निघाला, त्यामुळं भरपाई द्यायची तर नगरपालिकेनंच द्यायची होती.

काही महिन्यांनी नगरपालिकेनं आपली कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर दिलं. वकीलबाईंनी ते मला वाचून दाखवलं. एक ओळ वाचताना त्या थांबल्या.

“वाचा ना मॅडम.”

“असं लिहायची पद्धत असते, मनाला लावून घेऊ नका.” मग वाचलं: “सदर महिला चुकीच्या बाजूने भरधाव आली. तिला वाहन चालविण्याचा पुरेसा सराव नव्हता.”

मी कागद हातात घेऊन स्वतः वाचला. पाय कापतील म्हटलं तेव्हा मी घाबरले होते. या ओळीनं मला वेगळंच काही झालं. अकरा वर्षं मी जे केलं ते कुणीतरी टेबलावर बसून पुसून टाकलं. गावात ती ओळ पोचायला वेळ लागला नाही. “बाईच्या हाती गाडी देली तर हेच होनार,” हे मी पाठीमागं ऐकलं. मी शिकवलेल्या चार जणींपैकी एकीच्या घरच्यांनी तिची गाडी विकून टाकली.

दावा दीड वर्ष चालला. तारखेला जायचं, बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. आक्का प्रत्येक वेळी सोबत. तिच्या घरचे काही म्हणेनासे झाले होते. साक्षीला बोलावलं तर येईन, असं गणेशनं वकीलबाईंना लिहून दिलं, आणि त्यानंतर महिन्याभरात नगरपालिकेकडून निरोप आला की लोकअदालतीत तडजोड करू.

तडजोडीचा दिवस

लोकअदालत म्हणजे कोर्टाच्याच आवारात, पण टेबलाशी बसून बोलणं. समोर न्यायाधीश साहेब, बाजूला एक जुने वकील. नगरपालिकेकडून त्यांचे वकील आणि एक अधिकारी आले होते. रक्कम आधीच ठरली होती. किती, ते लिहीत नाही; दवाखान्याचं भागेल आणि वर थोडं राहील इतकी होती, आणि मला ती मान्य होती.

तडजोडीचा मसुदा वाचला गेला. त्यात होतं, कोणाचीही चूक मान्य न करता दोन्ही बाजू वाद मिटवत आहेत.

मी वकीलबाईंना विचारलं, “अन् ती ओळ?”

“कोणती?”

“सराव नव्हता, ती.”

“तडजोड झाली की ती फाइलमध्येच राहते. कुणी वाचत नाही.”

“माह्या गावानं वाचली.”

हे मला बाजूला घेऊन गेले. आवाज दबलेला, पण कपाळाची शीर दिसत होती. “शोभा, एका शब्दासाठी अडून बसू नको. आज नाई झालं तर पुढची अदालत तीन महिन्यांनी. तवाबी होईन का नाई कोन सांगते? मी थकलो आता.”

ते खरंच थकले होते. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि मला वाटलं, सही करून टाकावी. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी.

आक्का मागं बाकावर होती. तिनं उठून येऊन यांना सांगितलं, “भाऊजी, तुमी सहा साल पान्याच्या एका पाळीसाठी भावाशी बोल्ले नाई. ते चाललं. अन् ही एका ओळीसाठी तासभर अडली तर चालत नाई?”

मग यांनीच माझ्या कोपराला धरून मला परत टेबलाशी आणलं.

न्यायाधीश साहेबांनी विचारलं, “बाई, रक्कम कमी वाटते का?”

“नाई साहेब. रकमेचं काई नाई. मी अकरा वर्षं गाडी चालवली. लायसन हाये. त्या दिवशी मी उभी होती, माह्या साइडनं. यायनं लिहलं का मी चुकीच्या बाजूनं आली, मले चालवता येत नाई. चूक त्यायची हाये असं लिहा, म्हणत नाई मी. पन माही नव्हती, एवढं तरी त्यायनं वापस घ्यावं.”

नगरपालिकेचे वकील म्हणाले, असं काही लिहायचे अधिकार त्यांना नाहीत. साहेबांनी फाइल उघडली, पोलिसांकडचा गणेशचा जबाब काढला आणि सावकाश वाचला. मग त्या अधिकाऱ्याकडं पाहून म्हणाले, “तुमच्याच गाडीचा चालक काय सांगतो ते तुम्ही वाचलं आहे ना? मुख्याधिकाऱ्यांना फोन करा. आम्ही थांबतो.”

अधिकारी बाहेर गेला. आम्ही पाऊण तास बसलो. आमच्या मागून आलेली दोन भांडणं मिटून माणसं निघूनही गेली. हे बसल्या जागी चपलेनं जमीन घासत होते. मी दोनदा उठून सही करते म्हणणार होते.

अधिकारी परत आला. टेबलाशी न जाता आधी माझ्यापुढं थांबला. साधा, चष्म्यातला, माझ्याच वयाचा माणूस. हळूच म्हणाला, “ताई, ती ओळ मीच टाइप केली होती. जुन्या फाइलीतून उचलली होती. तुम्हाला कधी पाहिलंही नव्हतं.”

मी नुसती मान हलवली.

मसुद्यात एक वाक्य वाढलं. सह्या झाल्या. माझी सही वाकडी आली.

स्टँडवर एसटीची वाट पाहत आम्ही तिघं बसलो. हे केळीवाल्याकडं गेले. आक्काला वाचता येत नाही, ती म्हणाली, “काय लिहलं ते सांग.” मी पिशवीतून नक्कल काढली, ते वाक्य शोधलं आणि वाचलं.

“अर्जदार महिलेची चूक होती तसेच तिला वाहन चालविण्याचा सराव नव्हता, हे कैफियतीतील म्हणणे सामनेवाले मागे घेत आहेत.”

“सामनेवाले म्हंजे?”

“नगरपालिका.”

“म्हंजे तुही चूक नव्हती.”

“नव्हती.”

“मंग तसं सरळ काऊन लिहत नाई हे लोकं?” ती म्हणाली. शेजारच्या बाकावरच्या दोन बायका आमच्याकडं बघत होत्या. आक्कानं त्यांच्याकडं एकदा पाहिलं, पदर सारखा केला आणि माझ्या मांडीवर हात ठेवला.

“पुन्हा वाच,” ती म्हणाली. “जरा मोठ्यानं वाच.”